रेकॉर्डवरचं वय

माणसाची लायकी ओळखायची आमच्या घरमालकांकडे एकच रीत होती. तो फाटकातून किती वाजता आत आला, एवढंच ते बघायचे. मी भाडं वेळेवर देते, मोठ्याने गाणी लावत नाही, नळ उघडा टाकत नाही, याचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. पण राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात हॉस्पिटलमधून यायला जरा उशीर झाला, तेव्हा ओटीवरच्या खुर्चीतून त्यांनी मनगट डोळ्यांपाशी नेलं आणि म्हणाले, "लेट मार्क." मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. त्याला गंमत करताच यायची नाही, हे पुढे कळलं.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. नाव छापून आलं की तेवढंच घेऊन ते गल्लीभर मिरवतील. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत ते टाइम ऑफिसात होते. म्हणजे कामगार भोंग्याच्या आधी गेटात शिरला की नंतर, हे बघायचं, त्याचं कार्ड पंच झालं की नाही हे तपासायचं आणि झालं नसेल तर त्याचा अर्धा दिवस कापायचा. निवृत्त होऊन दहा वर्षं उलटली तरी हा अंमल सुटला नव्हता. शिफ्टची बस कोपऱ्यावर आली की ते घड्याळ बघत आणि ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याला झापत. दूधवाल्याला लेट मार्क, भाजीवालीला लेट मार्क, आरतीला आलेल्या गुरुजींना हाफ डे. शेजारच्या एका मयताला गेले होते. नऊची वेळ सांगितली होती आणि उचलायला पावणेदहा झाले, म्हणून परत येऊन आंघोळ करायच्या आधी मला म्हणाले, "मेल्यावरसुद्धा लोकांना शिस्त नाही."

मी त्यांना काका म्हणायची, कारण भाडेकरूने दुसरं काय म्हणायचं? काकूंना मात्र काकू म्हणायला मला आवडायचं. काकूंचं माहेर पोलादपूरकडे, कापड्याला. बोलणं अजून तिकडचंच राहिलं होतं. काकांनी स्वतःचं बोलणं कंपनीत साहेबांच्या मागे फिरून घासूनपुसून घेतलं होतं आणि काकू "नाय" म्हणाल्या की ते पाहुण्यांदेखत "नाही" असं दुरुस्त करून घेत. काकू मान डोलवत आणि पुढच्या वाक्यात पुन्हा "नाय" म्हणत.

माझं काम काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी महाडच्या एका खाजगी हॉस्पिटलात आरोग्यमित्र आहे. सरकारी विमा योजनेतून उपचार घ्यायला येणारा माणूस आधी माझ्या टेबलापाशी येतो. त्याचे कागद बघायचे, तो कुठल्या योजनेत बसतो ते सांगायचं, मंजुरीला पाठवायचं. राज्याच्या योजनेला रेशनकार्ड लागतं, मग ते कुठल्याही रंगाचं असो. आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं. तिथे श्रीमंत-गरीब बघत नाहीत, रेशनकार्ड बघत नाहीत. आधारवर वय सत्तर किंवा त्याच्या वर दिसलं की झालं. दवाखान्यात दाखल व्हावं लागतं एवढीच अट, ताप-खोकल्याची बाटली त्यात येत नाही. हे इतकं सोपं आहे की एका चहात सांगून होतं. पण काकांसारखी माणसं गावात असली की सोपी गोष्ट सोपी राहत नाही.

सत्तरीच्या कार्डाची योजना निघाली तसा काकांनी ओटीवर वर्ग सुरू केला. संध्याकाळी चार-पाच म्हातारे जमत. काकांनी योजनेचा एक कागदही वाचलेला नव्हता, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की या कार्डावर मेडिकलमधून औषधं फुकट मिळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापुढे तीन आजोबा खोकत उभे. बाटली मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी मलाच चोर ठरवलं. मी घरी येऊन काकांना विचारलं, तर त्यांनी वर्गाचा विषयच फिरवला. आता म्हणे, कार्ड घेतलं की माणूस मेल्यावर सरकार घरावर बोजा चढवतं. आमच्या समोर एक चाचा राहत, मुलगा आखातात गाडी चालवतो. त्यांना तर काकांनी असं भरवलं की बापाने कार्ड काढलं तर पोराचा पासपोर्ट अडकेल. चाचा बिचारे हर्नियाची कळ सोशीत, कंबरेला पट्टा बांधून चार महिने बसून राहिले. शेवटी मीच त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या मुलाला फोन लावून, कार्ड काढायला लावलं. ऑपरेशन होऊन चाचा चालत घरी आले तेव्हा काका ओटीवरून म्हणाले, "मी तुम्हाला कधीपासून सांगत होतो." अशा माणसाचं काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

स्वतः काकांना कार्ड नको होतं. म्हणजे मिळतच नव्हतं, पण ते नको असल्यासारखं सांगत. "मी अजून सत्तरीचा झालोच नाही," असं म्हणून ते छाती पुढे काढत. गल्लीला ठाऊक होतं की म्हातारा चौऱ्याहत्तरचा आहे. पण कंपनीत लागताना वयाची मर्यादा आडवी आली, तेव्हा त्यांनी कोर्टाच्या आवारातून एक प्रतिज्ञापत्र करून आणलं आणि पाच वर्षांनी लहान झाले. त्या काळात पुष्कळांनी केलं, त्यात मी त्यांना दोष देत नाही. पण बाकीचे लोक ही गोष्ट पोटात ठेवतात. काकांनी ती पदकासारखी मिरवली. पाच वर्षं नोकरी जादा केली, असं ते लग्नकार्यात अनोळखी माणसालाही सांगत. वर त्यांचं ठरलेलं वाक्य: "रेकॉर्डला जे आहे ते आहे." उशिरा आलेल्या कामगाराने गाडी बंद पडल्याचं, बायको बाळंत झाल्याचं कारण सांगितलं की त्याला हेच ऐकवत असणार. आता तेच वाक्य आम्हाला ऐकवत.

इथवर सगळी करमणूकच होती. काकूंची गोष्ट मला बऱ्याच दिवसांनी कळली, तीही स्वयंपाकघरात तांदूळ निवडताना. आधारचा कॅम्प लागला तेव्हा काकांनी आपलं कागदावरचं, पाच वर्षांनी कमी असलेलं वय दिलं. ते बरोबरच, कारण पेन्शन त्याच वयावर. मग काकूंची पाळी आली. काकू खऱ्या वयाने काकांपेक्षा दोन वर्षांनी लहान. पण काका पाच वर्षं खाली उतरले होते, त्यामुळे काकूंनी खरं वय सांगितलं असतं तर कागदावर बायको नवऱ्याहून तीन वर्षांनी मोठी झाली असती. काकांनी मशीनवरच्या पोराला काकूंचं वय सांगताना त्यांच्यावरूनही पाच वर्षं उतरवली.

"मी म्हनलं, माजं वरीस शाळंत लिवल्यालं हाय," काकू तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या. "तर म्हनले, गप बस. नवऱ्यापरास बायको मोठी दिसली तर लोकं तोंडावर हसतील."

काकूंनी ते हसत सांगितलं आणि मीही हसले. त्या दिवशी त्यातलं पुढचं काही मला दिसलं नाही.

मग काकूंना दम लागायला लागला. आधी ओटीच्या पायऱ्या चढताना, मग नुसतं पाणी भरताना. पायाला सूज यायची. काकांनी निदान केलं की बायका बसून राहतात म्हणून असं होतं. त्यांना महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर फार विश्वास. कंबर दुखली तरी सव, सर्दी झाली तरी सव. काकूंना त्यांनी दोनदा सवच्या कुंडावर आंघोळीला पाठवलं. शेवटी मी त्यांना ओढून आमच्या डॉक्टरांकडे नेलं. हृदयाची झडप निकामी झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ती बदलावी लागेल, पनवेलकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल आणि पावसाळ्यापर्यंत थांबलात तर मग माझ्याकडे येऊ नका. काकूंच्या मुंबईच्या मुलाने फोनवर खर्चाचा आकडा दोनदा विचारून घेतला. त्याच्या कंपनीच्या विम्यात त्याची बायको आणि मुलं होती, आईबाप नव्हते. या वयात आणि झडप गेल्यावर नवीन विमा द्यायला कुठलाच एजंट पुढे येत नाही. एरवी हेच एजंट दिवाळीला काकांना कॅलेंडर आणून देत.

मला काळजी वाटली नाही. मी रोज हेच काम करते. घरी येऊन काकांकडे रेशनकार्ड मागितलं, तर ते म्हणाले की मागे महाडला पूर आला त्यात भिजून त्याचा लगदा झाला. दुबार का काढलं नाही विचारलं, तर पांढऱ्या कार्डावर काय मिळतं, रांगेत कोण उभं राहणार, असं उलट मलाच विचारलं. म्हणजे एक दार बंद. नवीन कार्डाला अर्ज करता आला असता, पण तहसिलात ते कधी हातात पडेल याचा भरवसा नव्हता आणि डॉक्टरांनी पावसाळ्याची हद्द आखून दिली होती. दुसरं दार सत्तरीचं. काकू बहात्तरच्या होत्या आणि आधारवर सदुसष्टच्या. त्या दारालाही काकांनीच कॅम्पात उभं राहून कुलूप घातलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या संध्याकाळी मी ओटीवर बसून त्यांना समजावलं. काकूंचा शाळेचा पुरावा काढू, आधारवर खरं वर्ष घालू, मग कार्ड हाताशी येईल. काका नाही म्हणाले. त्यांना वाटलं, बायकोचं वय हललं की कुणीतरी त्यांचंही काढेल आणि पेन्शन बंद होईल. मी म्हटलं की तुमच्या वयाला कुणी हात लावत नाही, प्रश्न फक्त काकूंच्या आधारचा आहे. तेव्हा खरं काय ते बाहेर आलं.

"आणि ती माझ्याहून मोठी झाली की?" काका म्हणाले. "या गल्लीत माझी काय इज्जत राहील?"

"काकू राहतील, काका."

"रेकॉर्डला जे आहे ते आहे," ते म्हणाले आणि घड्याळ बघत आत गेले, कारण त्यांची जेवायची वेळ झाली होती. आतून काकूंच्या पोळ्या लाटण्याचा आवाज येत होता आणि मधे मधे तो थांबत होता, दम घ्यायला. मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता. अजूनही आठवला की येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना काकू अंगणात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "रजा मिळंल का गो तुला एक दीस?" मग ओटीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "मी सवला जातंय. गरम पान्याला. पोरगी येतेय संगतीला." काकांनी मान डोलावली. त्यांच्याच उपायाला ते नाही कसं म्हणणार? मनगट डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी आमची निघायची वेळ बघितली. सव एका दिशेला आणि आम्ही एसटीने निघालो अगदी उलट्या दिशेला.

पोलादपूरला गाडी बदलली, कापड्याला उतरलो. रस्त्यावरून शाळेपर्यंतचं अंतर काही नाही, पण काकू तीनदा बसल्या. एकदा बांधावर, एकदा कुणाच्या पायरीवर, एकदा पंपाच्या कट्ट्यावर. भाताची लावणी झाली नव्हती, खाचरं अजून कोरडी होती. ओळखीची एक बाई पाणी घेऊन आली आणि कोण गो, अमक्याची पोर का, म्हणून त्यांच्या वडलांच्या नावाने विचारू लागली. काकू एकदम वेगळ्याच दिसायला लागल्या. महाडात त्या कुणाची तरी बायको होत्या.

शाळेत मुख्याध्यापक तरुण होते. त्यांनी जुनी कपाटं उघडली, धूळ झटकली, वेळ लागेल म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत मुलांच्या खिचडीतली थोडी आम्हालाही दिली. मग नोंद सापडली. काकूंचं माहेरचं नाव, वडलांचं नाव, जन्माचं वर्ष. काकूंनी मला ते मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं.

"म्हंजी मी खोटं बोलत नव्हते," त्या म्हणाल्या. "यवढी वर्सं मला वाटलं, ते म्हनतात तर तेच आसंल."

मुख्याध्यापकांनी सही-शिक्का केला आणि पुढचे कागद कुठून करायचे ते मी आधीच विचारून ठेवलं होतं. त्यानंतर दोनदा आम्ही "सवला" गेलो. एकदा पोलादपूरला, एकदा महाडातच, आधार केंद्रात, घरापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही परत आलो की प्रत्येक वेळी काका काकूंना विचारत, पाण्याने बरं वाटलं का. काकू म्हणत, वाटलं. आणि खरंच थोडं वाटत होतं.

एक गोष्ट मी विसरले होते. काकूंच्या आधारला फोन नंबर काकांचा जोडलेला होता. बायकोला वेगळा नंबर कशाला, असं काकांचं मत. त्यामुळे वय बदलल्याचा मेसेज आला तो थेट ओटीवर, वर्ग भरलेला असताना. काकांना मेसेज मोठ्याने वाचायची खोड होती, लोकांना आपल्याला मेसेज येतात हे कळावं म्हणून. त्यांनी तो वाचला. जन्मतारीख बदलली. कुणाची, असं चाचांनी विचारलं. मी दारात उभी होते, सगळं बघितलं. काका लाल झाले, मग पांढरे पडले. वर्ग त्या दिवशी लवकर सुटला.

मग ते आत गेले आणि काकूंना म्हणाले की उद्याच्या उद्या जाऊन हे पूर्ववत करायचं. काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"नाय करता येत," काकू म्हणाल्या. "जल्मतारीख एकदाच बदलता येते. नियम हाय तसा. इचारा हिला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, नियम आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या अंगावर नियम फेकणाऱ्या माणसाला नियम लागला की तो कसा दिसतो, हे त्या दिवशी मला बघायला मिळालं. मी त्यातला थोडा आनंद घेतला, लपवत नाही. काका "नाही करता येत" असं दुरुस्त करायलासुद्धा विसरले.

काकूंचं कार्ड त्याच आठवड्यात निघालं. पनवेलच्या हॉस्पिटलातून मंजुरी यायला जे काय लागतं ते मी रोजच्या सवयीने केलं. काका या दिवसांत कुणाशी बोलत नव्हते. दूधवाल्याला उशीर झाला तरी गप्प. गल्लीत हसलं कुणी नाही. चाचांच्या घरून रोज संध्याकाळी काकूंना फळं यायची, एवढाच काय तो फरक. पण काकांना वाटत होतं की सगळे हसतायत, आणि ज्याची सगळ्यात जास्त भीती असते ते न घडल्यावरही माणूस कसा वाळून जातो, ते मी रोज फाटकातून शिरताना बघत होते. मी दोनदा उशिरा आले. दोन्ही वेळा ते नुसते बसून राहिले. मी खूश व्हायला हवं होतं. मला घर चुकल्यासारखं वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी मुलगा मुंबईहून यायला निघाला होता आणि वाटेत अडकला होता. काकूंना मीच घेऊन गेले, आणि काका आले. म्हणजे गाडीत पुढे बसले आणि काही न बोलता आले. तिथल्या टेबलावर माझ्यासारखीच एक मुलगी होती. तिने काकूंचं कार्ड बघितलं, वय बघितलं, बहात्तर, ठीक आहे म्हणाली. मग सोबत कोण थांबणार ते विचारलं. काका पुढे झाले. तिने नाव लिहिलं, नातं लिहिलं, पती. मग वर न बघता विचारलं, "वय?"

काका थांबले. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न पडला नसेल. चौऱ्याहत्तर म्हणावं तर नोकरी, पेन्शन, ते प्रतिज्ञापत्र, सगळं खोटं. एकोणसत्तर म्हणावं तर बायको शेजारीच चाकाच्या खुर्चीत बसलेली, बहात्तरची. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम भिंतीकडे बघितलं. मुलीने पेन तसंच धरून ठेवलं होतं.

"एकोनसत्तर लिव गो," काकू खुर्चीतून म्हणाल्या. "माज्यापरास तीन वर्सांनी ल्हान हाय तो. येकटा ऱ्हायला नाय कदी. जरा लक्ष ठेवा त्याच्याव." काकांसाठी "ते" सोडून दुसरा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मुलीने लिहून घेतलं. काकूंना आत नेलं. दार बंद झालं तेव्हा काकांनी सवयीने मनगट डोळ्यांपाशी नेलं आणि मला विचारलं की ती बाहेर किती वाजता येईल.

मी म्हटलं, "वेळ दिलेली नाही, काका."